दारापासून आत

१

आई आयर्लंडला आली ती तीन महिन्यांसाठी. २०२० च्या जानेवारीत, दोन बॅगा, एक लोणच्याची बरणी आणि एप्रिलचं परतीचं तिकीट घेऊन. पुढे काय झालं ते सगळ्या जगाला माहीत आहे. तिकीट एकदा विमान कंपनीने रद्द केलं, एकदा सरकारने, आणि एकदा आईच्याच खोकल्याने. दुसरा जानेवारी उजाडला तेव्हा सँडीफोर्डच्या आमच्या फ्लॅटमधली सगळ्यात लहान खोली आईची म्हणूनच ओळखली जात होती. दाराच्या समोर खिडकी, डाव्या हाताला पलंग, मधे जेमतेम जमिनीची एक पट्टी.

कराडजवळच्या गावात आईला अंगण, परसू आणि दिवसभर बोलायला निम्मी आळी होती. इथे खिडकीतून रिकामी लुआस ट्राम जाताना दिसायची. रोज सकाळी चहाबरोबर ती एकच विचारायची, "ज्ञाना, इमान कवा?" मी म्हणायचो, बघतोय. ती वाळत चालली होती आणि मला ते दिसत होतं. माझी भीती साधी होती. आईला इथेच काही झालं तर काय, ही. तिला तिच्या दारात नेऊन सोडायचं, बाकी काही नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

कामाशिवाय तिला करमत नसे. मॉपला ती 'दांडकं' म्हणायची आणि त्याला हात लावायची नाही. उकिडवं बसून, ओला फडका हाताखाली घेऊन, खिडकीच्या भिंतीपासून सुरुवात करून मागे मागे सरकत दारातून बाहेर निघायची. इथलं पाणी जड आहे. काळपट लॅमिनेटवर ते वाळलं की बोटांच्या पांढुरक्या कमानी उमटून राहायच्या. माझी बायको मेधा त्या पुन्हा मॉपने पुसायची, आई झोपल्यावर.

२

मी चेरीवूडच्या एका कंपनीत काम करतो, म्हणजे त्या वर्षी घरच्या डायनिंग टेबलावर करत होतो. लेझर स्कॅनर एखाद्या जागी तिवईवर ठेवला की तो गोल फिरतो आणि दिसेल त्याचं अंतर मोजतो. त्यातून कोट्यवधी ठिपके मिळतात, ठिपक्यांतून जागेचा हुबेहूब नमुना तयार होतो. पूल, चर्च, कारखाने, काहीही.

त्या हिवाळ्यात माझ्याकडे गुहा आली. दक्षिणेकडच्या समुद्रातलं एक बेट, आता निर्मनुष्य. मूळचे लोक तिथे शेकडो वर्षं राहिले, गुहा वापरत राहिले, मग बाहेरून आलेल्या जहाजांनी त्यांना उचलून दुसरीकडे नेलं. त्यांचे वंशज आज दुसऱ्या बेटावर आहेत. त्यांच्या परवानगीने एका विद्यापीठाने गुहेचं मोजमाप करायचं ठरवलं होतं आणि आमचे दोघेजण लॉकडाऊनच्या आधी जाऊन स्कॅन करून आले होते. गुहा सरळ आत जाणारी, बोळासारखी, शेवटी एक खोली. बाहेर पडायला दुसरी वाट नाही. चौदा ठिकाणी स्कॅनर लावलेला, तोंडापासून आत आत.

पहिलं काम सफाईचं. स्कॅन चालू असताना कोणी हललं की त्याचा अर्धवट, फाटका आकार उमटतो. आमच्या धंद्यात त्याला 'घोस्ट' म्हणतात आणि रोज सकाळी चहा पिता पिता दहा-वीस घोस्ट पुसतात. या गुहेत पहिल्या स्कॅनमध्ये एक होता. गुडघ्याएवढा उंच, बसका, स्कॅनरपासून आठेक मीटर आतल्या बाजूला. चेहरा वगैरे काही नाही, म्हणून मी धरून चाललो की आमच्यातला कोणी पाठमोरा बसलाय. पुसला. दुसऱ्यातही होता. तिसऱ्यातही. दर वेळी स्कॅनर जितका आत सरकला तितका तोही आत सरकलेला. तेरा स्कॅनमधून मी तेरा वेळा तो पुसला. चौदाव्यात नव्हता. माझं काम वाचलं, एवढंच मला वाटलं.

३

दुसरं काम किचकट होतं. गुहेच्या मातीच्या जमिनीवर बोटांनी ओढलेल्या कमानी होत्या, अकराशेच्या वर. ओली माती कोणीतरी हाताने फिरवली आणि ती तशीच सुकून राहिली. विद्यापीठाला प्रत्येक कमानीची लांबी, रुंदी आणि दिशा हवी होती. लांबी-रुंदी मशीन काढतं. चार बोटांची रुंदी अठ्ठावन्न मिलिमीटर, लहान हात, बहुतेक बाईचा. चार रेघांपैकी तिसरी, करंगळीशेजारच्या बोटाची, कायम अर्धवट. सगळ्या कमानी एकाच हाताच्या होत्या हे त्यावरून कळत होतं.

दिशा मात्र मला कळेना. दोन दिवस मी स्क्रीनकडे बघत बसलो. तिसऱ्या दिवशी आई चहा घेऊन आली आणि माझ्या खांद्यावरून बघत म्हणाली, "कुनी सारवलंय रं हे?"

"आई, हे जगाच्या दुसऱ्या टोकाला आहे. शेणाने नाही सारवलेलं."

"मी शेनाचं म्हंते का? हात सारवनीचाच हाय." तिने खुर्ची ओढली. "हे बग. सारवनारी बसती, आनि हात असा पुढनं गोल फिरवती. मग कमानीचं पोट, म्हंजी पोकळ बाजू, सारवनारीकडं येतं. पोट जिकडं, बाई तिकडं. आनि वरची कमान मागनं काढल्याली."

दीड मिनिटात माझं दोन दिवसांचं कोडं सुटलं. इतका आनंद झाला की मी तिला तिथेच नोकरी देऊ केली. रोज दुपारी दोन तास, पगार एक कप कॉफी. वर्षभरात पहिल्यांदा ती खळखळून हसली. आईला गुंतवून ठेवायला काम मिळालं म्हणून मी स्वतःच्या हुशारीवर खूश होतो. हे सगळं मी केलंय, हे लिहून ठेवलेलं बरं.

४

दहा-बारा दिवस आम्ही तसं काम करत होतो. मी कमान मोठी करून दाखवायचो, ती टेबलावर कोरडा हात फिरवून बघायची, मग सांगायची. सुरुवातीला तिचा हात जुळायचा नाही. मग तिने करंगळीशेजारचं बोट तळव्यात मुडपलं. "तिचं येक बोट अधू व्हतं," ती म्हणाली. "असं केलं की बराबर बसतं."

पन्नासेक कमानी झाल्यावर ती थांबली. "ज्ञाना, गुहेचं दार कुटल्या अंगाला?"

मी दाखवलं.

"आनि आत वाट हाय का फुडं?"

"नाही. तिकडे भिंत आहे."

तिने पुन्हा टेबलावर हात फिरवून बघितला. "आरं, पोटं समदी आतल्या अंगाला हायत. दारापासनं सुरवात केलीया तिनं आनि मागं मागं आत गेलीया. असं कुनी सारवतं व्हय? भिंतीपासनं सुरू करायचं आनि दारातनं भाईर पडायचं, लहान पोरीला बी कळतं. ही भाईर येनार कशी? आपलंच सारवल्यालं तुडवून?"

मी म्हटलं, त्यांची पद्धत वेगळी असेल. आपल्या गावावरून सगळं जग ओळखायला जाऊ नये. हे मी जरा शहाणपणाने म्हटलं.

"पद्धत न्हाई," आई म्हणाली. "तिला कुनीतरी दाराशी हुबं ऱ्हायल्यालं दिसत आसंल."

त्या आठवड्यात कधीतरी तिने विमानाचं विचारणं बंद केलं. माझ्या ते चार दिवसांनी लक्षात आलं आणि मी मेधाला म्हणालो, बघ, आई रुळली. मेधा म्हणाली, "रुळली नाही रे. जेवताना पण ते बोट मिटलेलंच असतं."

५

मग मला एक साधी गोष्ट सुचली. सारवणारी मागे सरकत जाते, म्हणजे तिचं तोंड सारवलेल्या भागाकडे असतं. गुहेत सारवलेला भाग दाराच्या बाजूला होता. स्कॅनरही त्याच बाजूला.

मी मूळ फाइली परत काढल्या. तेराही घोस्ट होते तसेच होते. मी त्यांना पाठमोरं समजत होतो, कारण चेहरा नव्हता. आता आईच्या हिशेबाने बघितलं. गुडघे पुढे आहेत. एक हात पुढे जमिनीवर टेकलेला आहे. डोकं किंचित वर उचललेलं, बरोबर स्कॅनरच्या दिशेने. तेराही वेळा.

फर्गलला फोन लावला. स्कॅन करायला तो गेला होता. आता ॲथलोनला आईवडिलांच्या घरून काम करत होता. मी विचारलं, गुहेत स्कॅनरच्या पुढे कोण बसायचं?

"कोणीच नाही," तो म्हणाला. "आम्ही दोघंही मागे, तिवईच्या पाठी. टॅबलेटवरून सुरू करायचो. ओल्या भिंतीवरून लेझर परतताना कधी कधी कचरा येतो."

"भिंती ओल्या होत्या?"

"नाही. तसं म्हटलं तर नाही." तो म्हणाला. "पूर्ण गुहा खडखडीत कोरडी होती. फक्त शेवटच्या खोलीत जमीन ओली होती. तिवईचे पाय रुतले आमच्या. छतातून पाणी गळत असेल. सगळं ग्रँड ना? डिलिव्हरी शुक्रवारी आहे."

मीही ग्रँड, म्हणजे सगळं ठीक, म्हटलं. चौदावा स्कॅन उघडला. शेवटच्या खोलीत कोणी नव्हतं. स्कॅनरला फक्त एक जागा दिसत नाही, त्याच्या स्वतःच्या पायाखालची. तिथे कायम एक काळं वर्तुळ राहतं, साधारण दीड मीटरचं. त्या खोलीतल्या सगळ्या कमानींची पोटं त्या वर्तुळाकडे होती.

शुक्रवारी मी साफ केलेली गुहा पाठवून दिली. घोस्ट परत घालायला मला काही कारण सांगता आलं नसतं.

६

मार्चच्या नऊ तारखेचं तिकीट मिळालं. आईला सांगितलं तर ती "बरं" म्हणाली आणि हात धुवायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पॅसेजमध्ये पांढुरक्या कमानी दिसल्या. त्यात नवल नव्हतं. मी त्या ओलांडून किचनच्या प्रेसमधून (इथे कपाटाला प्रेसच म्हणतात) कप काढले, चहा टाकला, आणि मग परत येऊन खाली बसलो. कमानींची पोटं आतल्या बाजूला होती. फ्लॅटच्या दारापासून सुरू होऊन त्या आईच्या खोलीकडे गेल्या होत्या.

ड्रॉवरमधून टेप आणली. चार बोटांची रुंदी अठ्ठावन्न मिलिमीटर. तिसरी रेघ अर्धवट. माझी आई शेतात राबलेली बाई, तिचा पंजा माझ्यापेक्षा रुंद आहे. बोट मुडपलं की हात आखडतो, रुंदी कमी भरत असेल, असं मी स्वतःला समजावलं. मग स्वतःच्या हाताने करून पाहिलं. कमी भरली, पण इतकी नाही.

"आई, पॅसेज तू पुसलास?"

"न्हाई बाबा. आज मी उठलेच आत्ता."

दोन दिवसांनी मी कॉलवर असताना माझी मुलगी ईशा, सहा वर्षांची, आईच्या खोलीच्या दारात उभी राहून हसत होती. "यू आर गोइंग द राँग वे! यू'ल बी स्टक!" मी हेडफोन काढून जाईपर्यंत आई पलंगावर बसून माळ ओढत होती. जमीन ओली होती.

"आजी बेडवर कधी बसली?" मी ईशाला विचारलं.

"शी वॉज ऑलवेज ऑन द बेड," ईशा म्हणाली, आणि मला काही कळत नाही अशा चेहऱ्याने निघून गेली.

त्या दिवसापासून मी ईशाला त्या खोलीत जाऊ दिलं नाही. खरं सांगायचं तर मीही कमी जाऊ लागलो. स्वतःच्या आईच्या खोलीत जायला मला भीती वाटत होती.

७

नऊ तारखेला सकाळी अकराला टॅक्सी आली. बॅगा पॅसेजमध्ये होत्या. आईच्या खोलीचं दार लोटलेलं. मी ते उघडलं.

उंबऱ्यापासून खिडकीच्या भिंतीपर्यंत जमीन ओली होती. भिंतीला टेकून, उकिडवी, एक हात पुढे टेकून ती बसली होती. डोकं किंचित वर, माझ्याकडे. खिडकीचा उजेड पाठीमागून येत होता, त्यामुळे चेहरा दिसत नव्हता. गुडघ्याएवढा बसका आकार. तो आकार मी तेरा वेळा पुसला होता, मला ओळखायला वेळ लागला नाही.

"आई, गाडी आलीय."

"वलं हाय," ती म्हणाली. "पाय नगं ठिऊस." तिने मला थांबवायला पंजा वर केला. करंगळीशेजारचं बोट आत मिटलेलं होतं.

खाली टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. आईला तिच्या दारात सोडायचं, एवढंच मी वर्षभर घोकलं होतं. मोज्यांनिशी मी ओल्या जमिनीवरून सरळ गेलो, तिचा हात धरला आणि तिला उठवलं. ती सहज उठली, कापडाची घडी उचलावी तशी. एक शब्द न बोलता माझ्याबरोबर बाहेर आली, चपला घातल्या, लिफ्टमध्ये उभी राहिली.

विमानतळावर फक्त प्रवाशांना आत सोडत होते. मदतनिसाने तिला व्हीलचेअरवर बसवलं. दाराच्या पट्टीवर पुढची चाकं अडली म्हणून त्याने खुर्ची वळवली आणि उलटी आत ओढली. त्यामुळे आई माझ्याकडे तोंड करून, मागे मागे, आत गेली. शेवटपर्यंत तिने हात वर धरला होता. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण मी बोटं मोजत होतो.

घरी आल्यावर तिची खोली उघडली. जमीन वाळून पांढुरकी झाली होती आणि त्यावर पावलं स्पष्ट उठली होती. माझी, दारापासून भिंतीपर्यंत. माझी, भिंतीपासून दारापर्यंत. तिसरी कोणाची नव्हती.

८

दोन दिवसांनी माझ्या मोठ्या भावाचा, रविकांतचा, फोन आला. आई पोचली, तब्येत चांगली आहे, प्रवासात काही त्रास नाही. "एकच गंमत," दादा म्हणाला. "आल्या आल्या कामाला लागली. पडवी सारवायला घेतली, तर दारापासून आत. कोपऱ्यात अडकून बसली. आम्ही सगळे हसतोय."

मी म्हटलं, तिला फोन दे.

"हां, बोल," आईचा आवाज म्हणाला.

"आई, सारवताना सुरुवात कुठून करायची?"

ती हसली. "दारापासनं. आनि कुटनं?"

मी म्हटलं, बरोबर. गोळ्या वेळेवर घे. आणि फोन ठेवला.

दुपारचे तीन वाजले होते. मेधा आतल्या खोलीत मीटिंगमध्ये, ईशा टीव्हीसमोर. आईची खोली उघडली. माझी पावलं मी दोनदा मॉपने काढली होती, आणि तरी खिडकीच्या भिंतीपाशी हातभर जागा ओली होती. हवेतली ओल ओढणारा डीह्युमिडिफायर लावून झाला होता. दोन्ही सकाळी त्याची टाकी भरलेली आणि ती जागा तशीच.

प्रेसमधून तिचा फडका घेतला. भिंतीपाशी जाऊन उकिडवा बसलो. गुडघे दुखले. आईने हे लहानपणी मला कधी शिकवलं नव्हतं, पण बघितलेलं विसरत नाही. हात पुढून गोल फिरवला. मग मागे सरकलो. पुन्हा हात फिरवला. पाठीमागे खोलीचं दार मी सताड उघडं ठेवलं होतं, आणि त्याच्या पलीकडे फ्लॅटचंही.

"आई," मी भिंतीकडे बघत म्हटलं, "इकडून. असं ये."

माझ्या कमानी फिकट होत्या, फडक्याच्या. चौथ्या की पाचव्या वेळी मागे सरकलो तेव्हा भिंतीलगत एक कमान दिसली, जी मी काढली नव्हती. रुंद पंजाची. चार रेघा, चारही पूर्ण.

कमानीचं पोट माझ्याकडे होतं.

पोट जिकडं, बाई तिकडं. म्हणजे ती माझ्या आणि भिंतीच्या मधे होती, माझ्याकडे पाठ करून, हाताच्या अंतरावर. मला समोर फक्त खिडकी दिसत होती. दुसरी कमान उमटली, पहिलीवर थोडी चढलेली, माझ्या जरा जवळ.

मी तिला जागा करून देत मागे सरकलो. दार अजून सहा हात लांब होतं.